तांडेलाचा उजवा कान

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. मालवणात आमच्या डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे. सगळे एकाच कानाचे.

आबा तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. त्याने शीळ घातली की खलाशी जाळं ओढायला लागत. त्याचा उजवा कान बहिरा होत चालला होता, पण त्याची तक्रार नव्हती. जेवताना तो बायकोला, गंगूवयनीला, उजवीकडे बसवायचा आणि शांतपणे जेवायचा.

*

वयनीनेच त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तपासायला कानामागे घुमणारा दोन टोकांचा ट्यूनिंग फोर्क टेकवला. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा हजर!

"तो चिमटो आज पण लावा. कालपासून बरा वाटता."

*

मुंबईला निदान झालं. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हे, पण वाढत गेली तर मेंदूवर दाब येऊन जीव जाणार. ऑपरेशन करावं तर शेजारची चेहऱ्याची नस दुखावायची भीती. आबाने एवढंच विचारलं, "शीळ वाजतली मां?"

आमचे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मग धीर द्यायला म्हणून सांगितलं, की परदेशात कुणीतरी कवटी न उघडता किरणांनी डोक्यातले आजार बरे करू बघतोय, पण ते अजून लांब आहे.

"किरणांनी जातली तर ती कधीच जावक होयी होती," आबा म्हणाला. "जल्मभर उनातच आसंय मी."

*

ऑपरेशन मुंबईचा सर्जन करणार असला तरी परवानगी ग्रामदेव रवळनाथाची लागते. गुरवाने देवाला दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो. गुरव गाऱ्हाणं घालत होता, आबा प्रत्येक वाक्याला मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणत होता. उजवी पडली, वयनी रडली, मलाही भरून आलं.

घरी आल्यावर वयनीने विचारलं, नवसाला कोंबडा ठरला होता, बकरा कशाला कबूल केलात? गुरव आबाच्या उजव्या बाजूला उभा होता.

*

आबा वाचला. कान मात्र कायमचा गेला, चेहऱ्याची उजवी बाजू लोंबली आणि शीळ गेली. होडीवर तो पत्र्याचा डबा वाजवू लागला. वयनी म्हणाली, "शीळ गेली तर गेली, माणूस आसा मां?" डॉक्टर मात्र आबा आला की त्याच्या तोंडाकडे बघत नसत.

*

अशी बरीच वर्षं गेली. एकदा आबा खोकल्याचं औषध न्यायला आला. डॉक्टरांच्या टेबलावर एक मासिक उघडं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, आबा, ते किरणांचं सांगितलं होतं ना, ते आता तुझ्याच नसेच्या गाठीवर करू लागलेत. कापाकापी नाही. चेहरासुद्धा बहुतेक वाचेल म्हणतात.

आबाने खुर्ची फिरवली आणि उजवा कान डॉक्टरांच्या तोंडाजवळ नेला.

"डॉक्टरांनू, ह्यां ह्या कानात सांगा."