चार नंबरच्या प्रेसची खरी गोष्ट

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे ‘साडेआठ’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती खुशाल ‘ओ’ देते. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून नाही, मधलं अर्धंच आहे. दहातून दीड गेले, हिशेब बरोबर आहे, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मला मात्र ते नाव ऐकलं की अजून मान वर करवत नाही. का ते सांगते, पण आधी वहिनी काय चीज आहे ते ऐका.

आम्ही डब्यांची झाकणं करतो. पत्र्याची पट्टी प्रेसखाली सरकवायची, उजवीकडचं आणि डावीकडचं बटण एकदम दाबायचं, की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि झाकण तयार. बटणं दोन अशासाठी, की दोन्ही हात बाहेर राहावेत. अशी बारा प्रेस, बारा बायका, आणि त्यांच्यावर सुपरवायझर म्हणून वहिनी. मी पलीकडे पॅकिंगला.

सुपरवायझर असूनही तिला हुकूम सोडता येत नाही. ती गोष्ट सांगते. मागे झाकणांच्या कडा खरबरीत यायला लागल्या. दुसरा कुणी असता तर बोंब मारून मोकळा झाला असता. वहिनीने कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा केलं आणि ऑफिसात आलेलं एक पत्र वाचून दाखवलं. एकटे राहणारे आजोबा. आपलं झाकण उघडताना अंगठा कापला, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे तासभर थांबेना. अंगठ्याला पट्टी, म्हणून अक्षर वाकडंतिकडं. शिव्या नव्हत्या त्या पत्रात. एवढंच विचारलं होतं, ‘कडेवरून कुणी बोट फिरवून बघत नाही का हो?’

“मी बघितलं असतं,” वहिनी हात वर करून म्हणाली, “पण माझं फिरवायचं बोट गेलंय. तुमची आहेत.”

हशा पिकला. पण त्या दिवसापासून खरबरीत झाकण माझ्या पॅकिंगच्या टेबलावर आलं असेल तर शपथ.

बोटांच्याही तिच्याकडे गोष्टी होत्या. शेजारच्या पोरांना सांगायची, मांजरीने पळवलं. भाजीवाल्याला म्हणायची, तुमच्याच तराजूत राहिलं, शोधा बघू. नव्या बायकांना मात्र गंभीर चेहऱ्याने सांगायची: “चार नंबरच्या प्रेसने दगा दिला. बटण न दाबता ठोकळा खाली आला. म्हणून मशीनवर विश्वास ठेवू नका.”

आणि हीच तिची एकमेव गोष्ट होती जी कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. शिरणार कशी? ती खोटी होती.

गेल्या महिन्यात एका आठवड्यात तिला तीन प्रेसवर बूच सापडलं. एका बटणाच्या फटीत बाटलीचं बूच ठोकून बसवायचं, म्हणजे ते कायम दाबलेलं राहतं. मग एका हाताने दुसरं बटण, एका हाताने पट्टी. काम दीडपट वेगाने होतं. दुसरा हात कुठे असतो, ते सांगायला नकोच. तिघींनीही नियमांच्या कागदावर सह्या केलेल्या. वहिनीने समजावलं, रागावली, बुचं फेकून दिली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

नवे मॅनेजर, ज्यांचं नाव आम्ही ‘मुद्देसूद’ ठेवलंय, त्यांनी एकोणीस मुद्द्यांचं प्रेझेंटेशन तयार केलं. सोमवारी नव्या चार मुली कामावर येणार होत्या, त्यांच्यासकट सगळ्यांना ते दाखवायचं ठरलं.

“बाई, शेवटची सात मिनिटं तुमची,” ते वहिनीला म्हणाले. “पण गोष्टी नकोत. मुद्दे.”

“बघते,” वहिनी म्हणाली. ती ‘बघते’ म्हणाली की समजायचं, ऐकणार नाही.

त्या चार नव्या मुलींत एक माझी लेक होती. एकोणीस वर्षांची. चार नंबरच्या प्रेसवर.

रविवारी दुपारी मी कपड्यांना इस्त्री करत होते, तेव्हा वहिनी आली. लेक बाहेर गेलीय याची खात्री करून घेतली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “उद्या मी खरं सांगणार आहे.”

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. उशीच्या अभ्र्यावर डाग पडला.

खरं काय होतं ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी मीही प्रेसवरच होते, लेक माझी दोन वर्षांची. पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं, आणि ठरलेली झाकणं पुरी केल्याशिवाय सुटका नाही. मी डोकं लढवलं. बूच तिरपं कापलं, फटीत चपखल बसेल असं, आणि एका बाजूला खाच केली, म्हणजे कुणी आलं तर नखाने झटकन ओढता येईल. कारखान्यात ही अक्कल पहिल्यांदा चालवली ती मी. वहिनी तेव्हा नवीनच लागलेली. तिचे हात सावकाश. मला वाटलं, आपलं माणूस आहे, मागे पडायला नको. मी तिच्या हातात एक बूच ठेवलं. म्हटलं, “ठेव, लवकर घरी जाशील.”

तिसऱ्या दिवशी ते झालं. ती किंचाळली, मी धावले. आणि मी पहिलं काम काय केलं असेल? तिचा हात नाही धरला. बूच उपटलं, खिशात टाकलं आणि ओरडले, “ठोकळा आपोआप पडला!” शुद्धीवर आल्यावर वहिनीने तेच सांगितलं. मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. दादालाही तिने ताकास तूर लागू दिली नाही.

“वहिनी, वेड लागलंय का तुला?” मी म्हणाले. “सतरा वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

तिने डावा हात माझ्यासमोर धरला आणि मूठ वळली. बोटं नव्हती तिथे भोक राहिलं. “माझी झाकत नाही गं,” ती म्हणाली.

“नोकरी जाईल. थू करतील लोक.”

“करू देत. तुझं नाव नाही घेणार मी. पण पोरगी चार नंबरवर बसतेय, आणि मी तिच्यासमोर उभं राहून पुन्हा मशीनला शिव्या द्यायच्या? मशीनची भीती घातली आणि पोरी बिनधास्त बूच लावत बसल्या. सतरा वर्षं मी चुकीच्या गोष्टीला भ्यायला शिकवलं त्यांना.” मग जाता जाता तिने विचारलं, “ते बूच कुठे आहे गं?”

“केव्हाच फेकलं,” मी म्हणाले. तेही खोटंच.

सोमवारी जेवणाच्या खोलीत सगळे जमलो. मुद्देसूदांनी एकोणीस मुद्दे वाचले. अकराव्याला मागची एक बाई पेंगायला लागली. लेक पुढच्या रांगेत, नवा एप्रन, दोन्ही हात खिशात. दाराशी फिटरकाका हात पुसत उभे. हे फिटरकाका दर सोमवारी कामाला सुरुवात करतात ती चार नंबरपासून. सतरा वर्षं. स्प्रिंग काढून बघतात, क्लच बघतात. आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं आणि एका बाईची बोटं गेली, हे त्यांनी मनाला लावून घेतलेलं. मी ते दर सोमवारी पॅकिंगच्या टेबलावरून बघत आलेय आणि मूग गिळून बसलेय.

वहिनी उठली. पडद्यावरचा उजेड तिच्या तोंडावर येत होता, तो तिने बंद करायला लावला.

“चार नंबरने दगा दिला असं मी तुम्हाला सांगत आले,” ती म्हणाली. “ते खोटं आहे. दगा मी दिला. बटणात बूच होतं.”

पेंगणारी बाई जागी झाली.

मग वहिनीने सगळं सांगितलं. त्या दिवशी ती तीनशे झाकणं पुढे होती. घरी जाऊन पाय पसरून बसायचं असं मनाशी ठरवत होती. गाणं गुणगुणत होती. पट्टी जरा तिरकी गेली, तिने ती बोटाने सरळ केली, आणि दुसरा हात सवयीने बटणावर पडला. “दुखलंसुद्धा नाही आधी,” ती म्हणाली. “खाली झाकण बघितलं. झाकण चांगलं आलं होतं. ते मी उचलायला गेले, तर उचलता येईना. मग कळलं.”

कुणी तरी विचारलं, “बाई, बूच तुम्हाला दिलं कुणी?”

“होतं कुणी तरी. ते सोडा,” वहिनी म्हणाली, आणि मॅनेजरकडे वळली. “साहेब, दोन्ही बटणं प्रत्येक वेळी सोडून पुन्हा दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही, अशी बटणं मिळतात. फिटरकाकांनी तीनदा लिहून दिलंय. तुमचा विसावा मुद्दा तो धरा. तोवर माझी गोष्ट मी रोज सांगणार. नोकरीवर ठेवा नाहीतर गेटवर उभी राहून सांगेन.”

मुद्देसूदांनी पेन उघडलं आणि लिहून घेतलं. फिटरकाका मात्र दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

“म्हणजे स्प्रिंग बरोबर होती?” त्यांनी विचारलं. “माझं काही सुटलं नव्हतं?”

“नाही काका. काही सुटलं नव्हतं,” वहिनी म्हणाली. तिला रडू आलं.

आणि ते रडणं मला बघवेना. काकांचा चेहरा बघवेना. तिने आपली बोटं घालवली, आता नावही घालवलं, आणि मी अजून शेवटच्या रांगेत सुरक्षित. लाज वाटली मला, भयंकर लाज. मी उठले. टेबलापर्यंत गेले. पर्सच्या आतल्या कप्प्यातून ते बूच काढलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं. काळं पडलेलं, तिरपं कापलेलं, बाजूला खाच.

“मी दिलं,” मी म्हणाले. “मी बनवलं, मी दिलं, आणि मीच लपवलं. काका, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले.”

काकांनी दाराची चौकट सोडली. वहिनीने माझं मनगट धरलं, त्याच हाताने.

माझं लक्ष लेकीकडे होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या बुचाकडे बघत होती. मग सावकाश उठली, टेबलाजवळ आली आणि एप्रनच्या खिशातला हात बाहेर काढला. माझ्या बुचाच्या शेजारी तिने दुसरं ठेवलं. कोरं करकरीत. तसंच तिरपं, त्याच बाजूला खाच.

“सकाळी गेटवर एकीने दिलं,” ती म्हणाली. “म्हणाली, ठेव, लवकर घरी जाशील.”