मला बोलावणं आलंय

पुंडलिकनगरातल्या एका घरी मी अकरा वर्षं पोळ्या करते. लागले तेव्हा बारा पोळ्या होत्या. मग तिथल्या ताईंच्या मुलाचं लग्न झालं, सून आली, नातू जेवायला लागला. आता बावीस लाटते. पगार पाच वर्षांपूर्वीचाच. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळेस ताई म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघू मावशी." दिवाळ्या येऊन गेल्या.

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कॉलेजच्या पोरींसाठी मेस चालवते. तिनं मला विचारलं. दोन हजार जास्त. पण रोज दीडशे पोळ्या, त्याही उभं राहून. माझे गुडघे तासभर उभं राहू देत नाहीत, तेव्हा जाणं होणार नव्हतं. पण ताईंना ते कुठं ठाऊक? या वयात असली नाटकं करायचा कंटाळा येतो, तरी केली.

दुसऱ्या दिवशी परात धुता धुता म्हणाले, "ताई, मला बोलावणं आलंय."

ताईंच्या हातातला कप हातातच राहिला. "असं काय बोलता मावशी? डॉक्टर काय म्हणाले?" मला खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर मी आजवर फक्त पंखा पुसायला चढले होते. पर्स आणून त्यांनी पाचशेच्या चार नोटा काढल्या. "तपासण्यांना असू द्या."

तेव्हा मला कळलं. माझ्या वयाच्या बाईला बोलावणं येतं ते वरूनच, असं त्यांनी धरलं होतं. थोडा वेळ गप्प बसावं असं मनात आलं. बसले नाही.

"वरचं नाय ताई. मेसचं. दोन हजार जास्त देतायत."

नोटा परत पर्समध्ये गेल्या. "अस्सं. मग जा की. मी कशाला अडवू?"

हे मी धरलं नव्हतं. "जाते," म्हणाले आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागले. गुडघ्यामुळं मला त्याला वेळ लागतो. दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत ताई म्हणाल्या, "तीनशे वाढवते."

"पाचशे."

"तीनशे, मावशी."

चपला काढल्या आणि कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी मेसवालीला सांगितलं, जमणार नाय.

"किती वाढवले?"

"तीनशे."

ती हसली. "एवढेच? नीट घाबरवलं नाय तुम्ही."

"घाबरवलं की," म्हणाले. "मरणार होते तोवर दोन हजार देत होत्या."