विजेच्या डब्यांमागे फिरताना

गावात एक डबी बसवली की एक किस्सा फुकट मिळतो. आम्ही सात घरांत बसवल्या, त्यामुळे मित्र आता डेटा विचारतच नाहीत, थेट किस्से विचारतात!

काम तसं साधं. एरंडोलच्या पुढच्या एका गावात फ्रिजचा प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये आमची डबी लावायची. ती वीज मोजणार आणि वायरलेसने जळगावला आमच्या कॉलेजात पाठवणार. सलग महिनाभर सातही घरांचं रीडिंग आलं तर प्रोजेक्ट पुढे आणि माझी कंत्राटी नोकरीही. नाहीतर मला नारळ!

*

पहिल्याच आठवड्यात एका अक्कांकडचं रीडिंग शून्य. मी आणि माझा जोडीदार प्रमोद भर उन्हात बाइकवरून गेलो. डबी कपाटावर, फडक्यात गुंडाळलेली.

"अक्का, काढली का?"

"लुकलुक करस ना ती! जितली लुकलुक, तितलं बिल!"

समजावलं, परत लावली. आम्ही एरंडोल गाठेपर्यंत पुन्हा शून्य.

*

पावसाळ्यात दोन घरांची रेंज गेली. डब्या ठणठणीत, पण मधल्या मळ्यातली केळी वाढून आडवी आली होती. मळेवाले आबा म्हणाले, "केळी ते वाढीच! तुमनी डबी उंच करा."

बांबू रोवून सिग्नल पुढे ढकलणारी डबी वर बांधली. केळी अजून वाढतच होती.

*

कॉलेजातल्या आमच्या साहेबांचा फोन. "दुपारपासून डेटा का नाही?"

"सर, गावात लाईट नाही."

"मग लाईट नाही, एवढं तरी डबीने कळवायचं ना!"

प्रमोद बाइक लावून निंबाखाली बसला तो बसलाच. खरं सांगतो, त्या दिवशी माझाही जीव विटला होता.

*

दिवाळीनंतर मात्र चमत्कार! सातही घरांचं रीडिंग महिनाभर अखंड, ग्राफ अगदी एकसारखे. इतके सारखे कसे, हे विचारायची ताकद आम्हा दोघांत उरली नव्हती. साहेब खूश. माझ्या मुदतवाढीवर सही करण्याआधी ते प्रोजेक्टच्या तपासणीवाल्यांना थेट गावातच घेऊन आले.

ज्यांच्या ओट्यावर आम्ही नेहमी दमून टेकायचो, त्या नानांनी सगळ्यांना कौतुकाने घरात नेलं. भिंतीशी सात डब्या, एकीत एक खोचलेल्या. शेवटी नानांचा एकटा फ्रिज.

"पोरेस्ले घरघर फिरतांना देखीसन आमलेच दया उनी. बठ्ठ्या डब्या आठेच लई उनूत!"

आमची दया येऊन गावाने सगळ्या डब्या इथेच आणल्या, हे कळल्यावर साहेब त्या एकेक करून मोजू लागले. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, आते याले गावमा धाडू नका. थकी गया बिचारा!"