स्वयंपाकात निपुण

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात भाग्यश्रीताईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं. एकदा मान्य केलं की ते पाळायचं, असा त्यांचा स्वभाव. पहाटे चौकात चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला त्यांची स्कूटर थांबते म्हणजे थांबतेच.

बायोडाटा छापायचा प्रोग्रॅम त्यांनी विकत घेतला, तेव्हा पडद्यावर आधी इंग्रजी कराराचं लांबलचक भेंडोळं आलं. सगळं जग अशा वेळी डोळे मिटून ‘मान्य’ दाबतं. ताईंनी केंद्र बंद ठेवलं, शब्दकोश काढला आणि शेवटची ओळ वाचून झाल्यावरच बटण दाबलं.

काही दिवसांत घोळ लक्षात आला. मुलीचा बायोडाटा छापला की त्यात आपोआप एक ओळ उमटायची: ‘स्वयंपाकात निपुण’. ती खोडायची सोयच नव्हती. ओझरच्या विमान कारखान्यात इंजिनिअर असलेल्या पूजाच्या बायोडाट्यातही ती उमटली, आणि पूजा भडकली. तिला चहासुद्धा धड जमत नव्हता आणि त्याबद्दल तिला काडीची लाज नव्हती.

ताईंनी शेजारच्या गल्लीतल्या यादवला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. प्रोग्रॅमच्या पोटात शिरून ओळ उडवून टाकतो म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली, तोच ताईंनी माउस काढून घेतला. प्रोग्रॅममध्ये फेरफार करायचा नाही आणि तो उलगडून आत काय लिहिलंय हेही बघायचं नाही, असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं.

“ताई, कोणाला कळणार हाय?” यादव म्हणाला.

“मला,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग त्यांनी छापलेल्या कागदावर व्हाइटनर लावून पाहिला. कागदाबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. पण मुलाकडचे लोक कागद उजेडात धरून मुलीचं काय लपवलंय ते शोधू लागले. कंपनीला तक्रार पाठवली, तर आपला अभिप्राय मोलाचा आहे एवढंच उत्तर आलं.

प्रोग्रॅममध्ये मनाजोगतं लिहायला मोकळी जागा एकच होती, पत्त्याची. तिथे काही लिहिणं म्हणजे वापर, फेरफार नव्हे, अशी करार पुन्हा वाचून ताईंनी खात्री करून घेतली आणि पूजाच्या पत्त्यात टाईप केलं: ‘मु. पो. ओझर. स्वयंपाकाची ओळ प्रोग्रॅमची आहे, मुलीची नाही.’

पुढच्याच रविवारी मयूर आईला घेऊन केंद्रात आला. हरसूलच्या शाळेत शिक्षक, एकटा राहून स्वयंपाकात तरबेज झालेला. इतका खरा पत्ता आपण कधी वाचला नव्हता, असं तो म्हणाला. ताईंनी पूजाला बोलावून घेतलं. दोघं इतका वेळ बोलत बसली, की मयूरची आई खुर्चीतच पेंगायला लागली. दिवाळीनंतर लग्न झालं.

त्यानंतर कंपनीने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवली, नव्या करारासकट. ताईंनी तोही पूर्ण वाचला. कंपनीने तक्रारीची दखल घेतली होती: आता ती ओळ मुलांच्याही बायोडाट्यात येत होती.

तेव्हापासून मुलांच्या आया फणफणत केंद्रात येतात. ताई त्यांना शांतपणे बसवतात, पाणी देतात.

“मला त्यात हात घालता येत नाही,” त्या सांगतात. “मुलाला शिकवा.”