बोनटवरची बाई

मे महिन्यात वणी-यवतमाळ ट्रॅव्हल्सच्या बोनटवर कोणी शहाणं माणूस बसत नाही. खालच्या इंजिनानं बूड भाजतं. ती मात्र रिकाम्या सीटा सोडून मुद्दाम तिथंच बसली. दुपट्ट्याची घडी ठेवून, त्यावर ओटीपोट टेकवून एका कुशीवर कलंडली.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मांगं जागा हाये."

"माहीत हाये. मांगं इंजिन हाये का?"

समोरच्या आजीनं लगेच विचारलं, "लेकरं किती तुले?"

"एकही नाही, आजी. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेरच वाढून राह्यलं, म्हणते डॉक्टर. तेच दुखते. पेरलं तिथं उगवत नाही, अन् बांधा-धुऱ्यावर जंगल!"

ड्रायव्हरनं घाईघाईनं गाण्याचा आवाज वाढवला.

"कमी करा भाऊ. तुमच्याही घरी कोणाले दुखत असन."

त्यानं गुमान गाणंच बंद केलं.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. याच आजाराची माझी फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत लपवलेली. चार वर्षं मूल होत नाही म्हणून सासरचे मला उपास सुचवतात, आणि दुखतं म्हणून ऑफिसात मला दर महिन्याला ‘ॲसिडिटी’ होते.

मारेगावला कळ उठली. मी पुढं गेले आणि म्हटलं, "जरा सरकता?"

काय झालं, हे तिनं विचारलंच नाही.

"कोणती बाजू?"

"डावी."

"मंग ड्रायव्हरकडून बसा, ताई. तिकडं जास्त तापते."