वैभे, वाडगं उघड गं

आमची वैभवी कंपनीत मशिनीच्या पोटातलं लिनक्स बांधती, म्हंजे नेमकं काय करती ते मला लई दिस कळलंच न्हाई. मी तिचा थोरला भाऊ धनाजी, हितं गावी माळावर शेरडं राखतो. एकदा चिडून म्हणलो, "बाई, माणसाला कळंल असं सांग की!" तर म्हणली, "दादा, जगभरची माणसं मिळून मशीन चालवायच्या मूळ फाईली लिहित्यात. आमी त्या आणतो आन् आमच्या मशिनीपुरतं बदलून घेतो. पण मुळाला हात लावायचा न्हाई. आपला बदल वेगळ्या फोल्डरात ठेवायचा, बांधताना वरनं चढवायचा. न्हाईतर मूळ नव्यानं आणलं की आपलं समदं पुसलं जातं."

हापिसात कुणी मुळात हात घातला की ही त्याला अशी झाडायची, की तिथली पोरं तिला मास्तरीणबाई म्हणायची.

मग आबांच्या घशात गाठ निघाली. आबा म्हंजे आमचे वडील, म्हसू. डॉक्टर म्हणले, स्वरयंत्रच काढावं लागंल. आबांची हाक पल्याडच्या डोंगराला जायाची आन् त्या हाकेबिगर शेरडं खाली उतरायची न्हाईत. ऑपरेशनच्या आदल्या दिशी वैभवीनं त्यांना अंगणात उभं केलं आन् फोनमदी हाक भरून घेतली. "हुर्र्र, ये ये चांदे, ये ये बांडे!" आन् शेवटाला, शेरडांच्या कुंपणाचं दार उघडाया तिच्या ल्हानपणापास्नं मारायचे ती हाक, "वैभेऽ, वाडगं उघड गं!"

"शेवटचं काढ की, शेरडांना त्याचं काय?" मी म्हणलो.

"असू दे," म्हणली.

तिनं भोंग्याची एक पेटी बनवली, आत तेच लिनक्स. आबा दवाखान्यातनं आले, बटण दाबलं, आन् त्यांच्याच आवाजात हाक गेली. शेरडं धावत उतरली. आबा हसले आन् रडले बी.

त्या गडबडीत बाईसाहेबांनी हाकेची फाईल मुळातच घातली व्हती. मागनं वेगळी काढू म्हणली, ते राहूनच गेलं.

यंदा पेटी मधीच बंद पडाया लागली. वैभवी रविवारी बसली, जुनं मूळ पुसलं, नवं आणलं, बांधून पेटीत भरलं. हाकेचं तिच्या ध्यानातच न्हवतं. आबांनी बटण दाबलं. मुळातलं टिंग टिंग वाजलं. परत दाबलं. टिंग टिंग. शेरडांनी मान बी वर केली न्हाई. हाक भरलेला जुना फोन तर कवाच मोडीत गेलेला. हाक आता कुटंच न्हवती.

वैभवीनं पेटीतलं समदं धुंडाळलं. "मीच, दादा! समद्यांना शिकवणारी मीच!"

आबांनी हातानं खुणावलं, राहू दे. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती जास्तच रडाया लागली. मला तर ती पेटी दगडावर आपटावी वाटली. आग लागो त्या टिंग टिंगला!

आता आबा थाळी बडवत्यात. शेरडं हळूहळू शिकली, येत्यात. पण वैभवी सुट्टीच्या दिशी सांजंला घरातनं भाईर येईना. परवा मला ते बघवलं न्हाई. आबांसंगं शेरडं घेऊन वाडग्याशी आलो, आबांसारखी मान वर केली आन् वरडलो, "वैभेऽ, वाडगं उघड गं!"

ती अनवाणी पळत आली. मला बघितलं आन् जाग्यावरच थांबली.

"तू व्हय," म्हणली. पण ती माझ्याकडं बघतच न्हवती. माझ्या शेजारी आबांचं तोंड अजून त्याच शब्दांना हलत व्हतं.