गोलामागचे राखणदार

हॉकी हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, घरात चार मुलं होती आणि असल्या नादाला लागण्याचं वय मागे पडलं होतं. तरी लागलो.

इंदापूर रस्त्याला कालव्याच्या पाण्यावर माझा भाजीपाल्याचा मळा आहे. आधी सगळा माल बारामतीच्या बाजारात जायचा. पुढे इंदापूरकडच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला, भोवती कामगारांची वसाहत झाली आणि तिथं दर मंगळवारी बाजार भरू लागला. माझ्या हिशेबाला तो बाजार बारामतीपेक्षा बरा पडला. वाट निम्मी आणि गिऱ्हाईक पगारी. तिथंच मला कळलं की कारखान्यानं खेळण्यासाठी माणसं पगारावर ठेवली आहेत.

हे मला आधी पटेना. पगार कामाचा असतो, खेळाचा कसा असेल? चौकशी केली तेव्हा व्यवस्था समजली. हे गडी पुण्याहून, झाशीकडून, हॉकी येते म्हणून आणलेले. कागदावर कुणी फिटर, कुणी हेल्पर, कुणी गोदामावर. सकाळी थोडंफार काम, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. दौंडकडून, सोलापूरकडून दुसऱ्या टीमा यायच्या. कारखान्याचे एक मोठे साहेब मुंबईचे होते. मराठी त्यांना कामापुरती यायची, पण हॉकीचं वेड पुरेपूर. टीम त्यांच्या मर्जीवर चालायची. टीममध्ये आहे तोवर नोकरी आणि नोकरी आहे तोवर राहायला खोली. टीममधून काढला की दोन्ही गेलं.

पहिल्या रविवारी मी शेजारच्या मळ्यातल्या तात्यांना बरोबर नेलं. तात्या साठीचे, जत्रेतल्या कुस्त्या बघण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. बराच वेळ ते हनुवटीखाली काठी धरून पाहत होते. मग म्हणाले, "ह्यात चीत कोण झालं तेच कळंना. आन् ह्यो शिट्टीवाला सारखा मधी येऊन जोड सोडवतोय. लढू दे की त्यास्नी!"

लांबून मारलेला गोल धरत नाहीत, गोलाजवळ आखलेल्या अर्धगोलात येऊनच मारावा लागतो, असा बाजारात ऐकलेला नियम मी त्यांना सांगितला. तो त्यांना आवडला नाही. पण मग त्यांची नजर गोलात उभ्या राहिलेल्या माणसाकडे गेली. पायांना गाद्या बांधून तो वाकून उभा होता, डोळे सारखे इकडून तिकडे. तात्यांना सगळा खेळ एकदम समजला.

"आरं, ह्यो तर राखणदार हाय!"

आमच्याकडे पौष-माघात शाळू दाण्यात येतो तेव्हा शेतोशेती राखणीचे उंच माळे उभे राहतात. माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसतो आणि पाखरं हाकतो. पण एकट्याला चारी अंगांचं दिसत नाही. पाठीमागून थवा उतरला तर शेजारच्या माळ्यावरचा ओरडतो, "आली रं, उगवतीला!" आणि त्या हाकेला एक टोमणा जोडलेला असतो. "झोपलास का जेवलास?" ज्याच्या शेतात थवा बसला त्याची दिवे लागेपर्यंत सगळे माळे थट्टा करतात. त्याचा राग कुणी धरत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्यालाच तेवढं कुणी काही बोलत नाही.

तात्या उठले आणि बसायला आणलेलं पोतं काखेत मारून थेट गोलामागे जाऊन बसले. त्यांच्यामागे आम्ही दहाबारा जण. समोरचे गडी चेंडू घेऊन आले की तात्या हाक द्यायचे, "मावळतीला! मावळतीला थवा!" गोल झाला की, "खाल्लं, खाल्लं कणीस! उद्या भाकरीला काय, राखणदारा?" आणि सगळी पोती हसायची.

तो गोलकीपर झाशीकडचा होता. उंच, हडकुळा, तिशीच्या आतबाहेर. पहिले दोन रविवार त्याला काही कळलं नाही. हाक आली की तो दचकून मागे बघायचा. मग कुणीतरी त्याला हातानं सूर्य दाखवून उगवत आणि मावळत शिकवली. मैदान दक्षिणोत्तर होतं, गोल दोन टोकांना, म्हणजे त्याच्या एका हाताला उगवत पडायची आणि दुसऱ्या हाताला मावळत. अर्धा खेळ झाला की टीमा बाजू बदलत. मग आम्हीही पोती उचलून पलीकडच्या गोलामागे पळायचो. त्याचा डावा-उजवा उलटा व्हायचा, आमची उगवत जागेवर असायची. पुढे पुढे तो हाकेसरशी वळू लागला आणि टोमणा बसला की दात काढून हसू लागला.

टीम काही फार जिंकत नव्हती. मी आकड्यांत खोटं बोलत नाही, त्या हंगामात हार जास्त होती. घरी आलो की बायको विचारायची, "आज कोण हरलं?"

"आमीच."

"खेळणाऱ्यास्नी पगार मिळतोय. तुमाला काय मिळतं?"

"ऊन."

"मग ते मळ्यात बी हाय की. फुकट."

माघातल्या एका मंगळवारी मी बाजारात मिरचीची रोपं घेऊन गेलो. गोलकीपरची बायको पंधरा दिवसांपूर्वीच लहान मुलीला घेऊन मुलखातून आली होती. खोलीमागे थोडी जागा आहे, तिथं लावायला रोपं आणा, असं तिनं मला तिच्या हिंदीत सांगून ठेवलं होतं; तिचं बोलणं मी इथं मराठी करून सांगतोय. मी ती ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली. ती आली नाही. तो आला.

"रोपं राहू द्या, भाऊ." त्याची बोली निम्मी हिंदी आणि निम्मी आमच्याकडून उचललेली होती.

"का? बाईंनी सांगितलं होतं."

"मिरची लागणार कधी?"

"दोन-अडीच महिन्यांनी."

"तेव्हा हम कुठं, मालूम न्हाय."

वांगी चाचपत त्यानं सगळं सांगितलं. मागचे दोन सामने हरल्यावर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. आपल्या गोलकीपरला बघून लोक हसतात, पाठीमागून ओरडतात, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. कारखान्याची शोभा होते, म्हणाले. या रविवारी बघतो, नाहीतर पुण्याला पत्र लिहून दुसरा गोलकीपर मागवतो.

"तुमी सांगितलं न्हाई का, लोक आपलीच हायेत म्हणून?"

"सांगितलं. साहेब बोलले, आपल्या माणसाला असं कोण हसतं?"

वांगी घेऊन तो गेला आणि रोपं माझ्याकडे राहिली.

संध्याकाळी मी तात्यांना हे सांगितलं. ते बैलांना वैरण टाकत होते. पेंढी हातात धरून तसेच उभे राहिले.

"आमच्या तोंडापायी त्या गड्याची खोली जाणार?"

"तसंच दिसतंय."

"मग आयतवारी तोंडं शिवून बसायचं. कुणी हूं का चूं करायचं न्हाय. मी सांगतो सगळ्यास्नी."

आणि त्यांनी खरंच कालव्याच्या काठाकाठानं प्रत्येक मळ्यावर जाऊन सांगितलं.

रविवारी समोर सोलापूरकडची टीम होती. आम्ही नेहमीसारखे गोलामागे बसलो, पण शोकाला बसल्यासारखे. कुणी तंबाखू मळली तर तिचाही आवाज येत होता. गोलकीपरनं आल्या आल्या मागे वळून हात केला. आम्ही नुसत्या माना हलवल्या. तो पुन्हा वळला. तिसऱ्यांदा वळून बघत होता तेवढ्यात उगवतीकडून एक गडी आला आणि चेंडू त्याच्या गाद्यांना घासून आत गेला.

कुणी हसलं नाही. 'खाल्लं कणीस' नाही, काही नाही.

त्यानंतर तो अगदीच बावरला. दुसऱ्या गोलाच्या वेळी चेंडू मावळतीला गेलेला आम्हा सगळ्यांना दिसला, त्याला दिसला नाही. पाचसहा जणांच्या गर्दीपुढे तो भलतीकडेच वाकून उभा होता. तात्यांनी तोंड उघडलं, मग घाईनं फेट्याचा शेव तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. गोल झाला.

मध्यंतराची शिट्टी झाली तसा तो काठी टाकून आमच्याकडे आला.

"कोण मेलं?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो.

"मग बोलणं का बंद? मी काय केलं तुमचं?"

त्याचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांचं मन उडालं, आता आम्हीही सोडलं, असंच त्याला वाटलं असणार. तात्यांनी फेट्याचा शेव तोंडातून काढला. "आरं लेका, तुझी नोकरी ऱ्हावी म्हणून दातखीळ बसवून घेतलीय आमी!"

"ऐसे नोकरी राहते?" तो गाद्यांवर हात मारून म्हणाला. "मला समोर फक्त टांगा दिसतात, तात्या. टांगाच टांगा. तुमी बोलता तेव्हा चेंडू दिसतो."

तात्या माझ्याकडे बघू लागले. सगळेच माझ्याकडे बघू लागले, कारण साहेबांच्या बंगल्यावर भाजी माझी जायची. मी धोतर झटकलं आणि मैदानाच्या लांब कडेला, मध्यावर साहेब खुर्ची टाकून बसले होते तिकडे गेलो.

"साहेब, मी भाजीवाला. आपल्याकडं वांगी येत्यात ती माझी."

"हां, बोला."

"खुर्ची जरा आमच्याकडं, गोलामागं आणा. राहिलेला अर्धाच खेळ तिथनं बघा."

"का बरं?"

"इथनं हसणं तेवढं ऐकू येतं साहेब. बोलणं ऐकू येत न्हाई."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शिपायाला खूण केली. शिपायानं खुर्ची डोक्यावर घेतली, पुढे साहेब, मागे मी, आणि आम्ही पोतीवाले सगळे पलीकडच्या गोलामागे गेलो. तिकडून पाण्याचा पाट जात होता. ओल्या मातीत खुर्चीचे मागचे पाय रुतले आणि साहेब मागे रेलल्यासारखे बसले.

खेळ सुरू झाला आणि नवीनच अडचण उभी राहिली. साहेब शेजारी बसलेले पाहून तात्यांचा आवाज फुटेना. सोलापूरवाले दोनदा चालून आले, तात्या नुसते खाकरले. तेव्हा गोलकीपरनंच मान न वळवता मोठ्यानं हाक दिली.

"ए तात्या! झोपला का जेवला?"

आधी एक जण हसला, मग सगळी रांग. तात्या गुडघ्यांवर उठले.

"जेवलो रं! तू बघ पुढं, मावळतीला आली!"

तो मावळतीला वळला आणि चेंडू गादीवर घेऊन बाहेर फेकला.

मग कोण थांबतंय. हाक आणि टोमणा, हाक आणि टोमणा. साहेब माझ्याकडे वाकले. "उगवती म्हणजे?"

"पूर्व, साहेब."

"आणि पाखरं कोण?"

"ते सोलापूरचे गडी."

"कणीस?"

"गोल."

साहेबांची नजर आता खेळावरून हाकेकडे आणि हाकेवरून गोलकीपरच्या पायांकडे जाऊ लागली. एकदा गोलासमोर मोठी गर्दी झाली. साहेब रुतलेल्या खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "उगवती! उगवती!"

चेंडू मावळतीला होता. गोलकीपर तात्यांच्या हाकेनं मावळतीलाच पडला आणि गोल वाचवला.

तात्या न राहवून म्हणाले, "साहेब, तुमी नगा बोलू. राखणदार चुकंल."

साहेब खाली बसले. म्हणाले, "बरोबर. सॉरी."

त्या अर्ध्यात एकही गोल झाला नाही आमच्यावर. आमच्यानं मात्र एकच फेडला गेला, तोही शेवटी शेवटी. सामना एका गोलानं हरलो. साहेब उठले, खुर्चीला लागलेली माती पाहिली, आमच्याकडे पाहून मान हलवली आणि बंगल्याकडे निघून गेले. गोलकीपरही गाद्या सोडून खोलीकडे गेला. परतीच्या वाटेवर तात्या गाडीत माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"हरलोच की शेवटी," ते एकदा म्हणाले. "हरल्यावर कोण ठेवतंय?"

मंगळवारी बाजाराला निघताना मिरचीची रोपं मी पुन्हा गाडीत ठेवली. आठवडाभर पाटाच्या कडेला ओलीत ठेवली होती, तगली होती. बायकोनं पाहिलं.

"ती परत नेताय? आन् न्हाई घेतली तर?"

"तर परत आणीन."

"नुसती गाडीत फिरवून आणा. त्यास्नी बी ऊन मिळंल."

बाजारात अकरा वाजेपर्यंत तिकडून कुणी आलं नाही. मी गवार मोजून देत होतो, वांगी देत होतो आणि गोणपाटावर पाणी शिंपडत होतो. मग ती आली. मुलगी पदर धरून मागे. तिनं आधी मेथी बघितली, मग टोमॅटो, मग गोणपाटाकडे बोट केलं.

"ती माझी ना?"

"तुमचीच. पण तुमचे मालक नको म्हणाले होते."

"ते मागच्या मंगळवारी." तिनं गोणपाट उघडून एकेक रोप उचलून मुळं तपासली. "साहेबांनी काल बोलावलं होतं. पुण्याला पत्र नाही लिहीत, म्हणाले. आणि रविवारी खुर्ची गोलामागंच ठेवायला सांगितलं शिपायाला. पाटापासून लांब."

मी रोपं पुन्हा बांधून दिली. एक दिवसाआड पाणी घाला, म्हणालो, आणि खोलीमागे उगवतीच्या अंगाला लावा, दुपारचं ऊन लागत नाही. उगवत म्हणजे काय ते सांगायला मी हात उचलला, पण तिनं आधीच मान वळवून कारखान्याच्या धुराड्यापलीकडे, बरोबर त्या बाजूला बघितलं होतं.

"मिरची लागेल कधी?" तिनं विचारलं.

"दोन-अडीच महिने जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली आणि गोणपाट काखेत घेऊन, मुलीला पुढे घालून, वसाहतीकडे चालू लागली.